कॉर्टिसॉल उतरवणारी सुई: पेप्टाइडे आणि दीर्घकाळचा ताण

चेहरा सुजल्यासारखा वाटतो, पोटाचा घेर कमी होत नाही, रात्री तीन वाजता जाग येते आणि सकाळी उठल्यावरही थकवा असतो. या सगळ्याचे खापर सध्या एकाच संप्रेरकावर फोडले जाते आणि ते म्हणजे कॉर्टिसॉल. खापर फोडणाऱ्याच्या हातात उपायही तयार असतो. मोबाइलच्या पडद्यावर कोणीतरी काचेची छोटी बाटली उंचावून दाखवतो आणि सांगतो की हे पेप्टाइड टोचून घेतले किंवा नाकात फवारले की कॉर्टिसॉल खाली येईल आणि मन शांत होईल. हा दावा निव्वळ थाप असता तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. त्याच्या मुळाशी खरे शरीरशास्त्र आहे, आणि म्हणूनच त्यातला खरा भाग कुठे संपतो हे नीट पाहावे लागते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपण खातो त्या डाळीतली, दुधातली, अंड्यातली प्रथिने याच अमिनो आम्लांची बनलेली असतात, फक्त त्यांच्या साखळ्या फार लांब असतात. साधारण पन्नासच्या आतली साखळी असली की तिला पेप्टाइड म्हणण्याची पद्धत आहे, पण ही सीमा काटेकोर नाही. ५१ अमिनो आम्लांच्या इन्शुलिनला काही जण पेप्टाइड म्हणतात, तर काही जण छोटे प्रथिन म्हणतात. महत्त्व असते ते क्रमाला. 'रस' आणि 'सर' या दोन शब्दांत अक्षरे तीच आहेत, पण अर्थ पूर्ण वेगळा आहे. तसेच अमिनो आम्लांचा क्रम बदलला की पेप्टाइडचे काम बदलते, किंवा ते काही कामच करत नाही. त्यामुळे 'पेप्टाइडने ताण कमी होतो' हे वाक्य 'गोळीने बरे वाटते' या वाक्याइतकेच मोघम आहे. कोणती गोळी आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

ताणाच्या प्रसंगी शरीरात जे घडते, त्यातही पेप्टाइडेच निरोप्याचे काम करतात. धोका जाणवला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचे ४१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड सोडतो. ते जवळच असलेल्या, वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीपर्यंत पोहोचते. ती ग्रंथी मग ३९ अमिनो आम्लांचे एसीटीएच हे पेप्टाइड रक्तात सोडते. ते रक्तातून खाली येऊन दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जागे करते, आणि त्या कॉर्टिसॉल तयार करतात. या साखळीतला पहिला निरोप्या सापडायला बराच काळ लागला. असे काहीतरी रसायन असले पाहिजे, हे १९५५ मध्येच लक्षात आले होते. त्याच्या शोधात निघालेल्या रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या दोघांना मेंदूतल्या इतर पेप्टाइड संप्रेरकांसाठी १९७७ चे नोबेल पारितोषिकही मिळाले, पण हे नेमके पेप्टाइड त्यांच्या हाती लागले नाही. शेवटी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत वायली व्हेल यांच्या गटाने त्याची रचना उलगडली, आणि त्यासाठी त्यांना सुमारे ४,९०,००० मेंढ्यांच्या मेंदूतले तुकडे वापरावे लागले. यावरून हे पदार्थ शरीरात किती सूक्ष्म प्रमाणात असतात याची कल्पना यावी.

येथे एक गोष्ट हमखास निसटते. निरोप पोहोचवणारी दोन्ही रसायने पेप्टाइडे असली तरी कॉर्टिसॉल स्वतः पेप्टाइड नाही. ते कोलेस्टेरॉलपासून बनणारे स्टेरॉइड आहे. ते स्निग्ध स्वरूपाचे असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत जाते, आणि त्याची गोळी तोंडाने घेतली तरी लागू पडते. पेप्टाइड तोंडाने घेतले की जठर आणि आतडे त्याला डाळीतल्या प्रथिनासारखेच वागवतात, म्हणजे तोडून पचवून टाकतात. म्हणूनच इन्शुलिन शंभर वर्षांनंतरही प्रामुख्याने टोचूनच घ्यावे लागते, आणि ताणासाठी विकली जाणारी पेप्टाइडेही बहुधा सुई किंवा नाकातला फवारा यांच्या रूपात येतात. नाकातून दिलेल्या औषधाचा किती अंश खरोखर मेंदूपर्यंत जातो हा वादाचा विषय आहे.

कॉर्टिसॉलला खलनायक ठरवण्याआधी त्याचे काम पाहिले पाहिजे. ते रक्तातली साखर सांभाळते, रक्तदाब टिकवते आणि सूज व प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरते. एसीटीएच आणि कॉर्टिसॉल यांच्यातले नाते घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखे आहे. पाणी वर आले की तरंगता गोळा उचलला जातो आणि नळ बंद होतो. तसेच रक्तात कॉर्टिसॉल वाढले की ते मेंदूला आणि पियुषिका ग्रंथीला 'आता पुरे' असे कळवते. शिवाय त्याला घड्याळ असते. पहाटेपासून ते चढू लागते, जाग आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. ही उसळी आजार नव्हे. आपण अंथरुणातून उठून दिवसाला लागतो त्यात तिचा वाटा असतो. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात, त्यांना कॉर्टिसॉल बाहेरून दिले नाही तर जीव धोक्यात येतो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता वैद्यकात पेप्टाइड आणि कॉर्टिसॉल यांची खरोखर गाठ कुठे पडते ते पाहू. पहिले ठिकाण म्हणजे तपासणी. अधिवृक्क ग्रंथी नीट काम करतात की नाही हे पाहण्यासाठी एसीटीएचच्या पहिल्या २४ अमिनो आम्लांची कृत्रिम प्रत टोचतात आणि काही वेळाने रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. ग्रंथी निरोगी असेल तर कॉर्टिसॉल वर जाते. एसीटीएचचे इंजेक्शन तान्ह्या मुलांच्या एका विशिष्ट प्रकारच्या आकडीवरही दिले जाते. ही दोन्ही पेप्टाइडे कॉर्टिसॉल वाढवतात, हे ध्यानात ठेवावे.

कॉर्टिसॉल कमी करणारे आणि रीतसर मान्यता मिळालेले पेप्टाइडही आहे. त्याचे नाव पॅसिरिओटाइड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये त्याला कुशिंगच्या आजारासाठी परवानगी दिली. हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने १९३२ मध्ये मांडलेल्या या आजारात पियुषिका ग्रंथीत छोटी गाठ होते, ती सतत एसीटीएच सोडत राहते आणि तरंगता गोळा कितीही उचलला गेला तरी नळ बंदच होत नाही. पहिला उपचार नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढणे हाच असतो. ते जमले नाही किंवा गाठ पुन्हा वाढली तर हे औषध विचारात घेतात. त्याच्या मुख्य चाचणीत १६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर लघवीतले कॉर्टिसॉल पूर्णपणे सामान्य पातळीवर आलेल्यांचे प्रमाण कमी मात्रेच्या गटात सुमारे १५ टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात सुमारे २६ टक्के होते, तर रक्तशर्करा वाढण्याशी संबंधित त्रास ७३ टक्के रुग्णांना झाला. म्हणजे नेमक्या याच कामासाठी घडवलेले, दिवसातून दोनदा टोचले जाणारे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरलेले पेप्टाइडसुद्धा बहुसंख्य रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल पूर्ण आटोक्यात आणू शकले नाही, आणि त्याची किंमत साखरेच्या रूपाने मोजावी लागली. फवाऱ्याची जाहिरात वाचताना हे आकडे मनात असू द्यावेत.

साखळीच्या उगमालाच बांध घालावा, हा विचारही झाला. सीआरएच पेशीवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) जाऊन बसते तो अडवला तर पुढचे सगळे थांबेल, या आशेने मोठ्या औषध कंपन्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. ही औषधे पेप्टाइडे नव्हती. पेप्टाइडचा मार्ग अडवणारे ते छोटे रेणू होते. पेक्सासरफाँट नावाचे औषध सतत चिंता वाटण्याच्या विकारावर अजमावले गेले, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. आघातानंतरच्या मानसिक विकाराच्या १२८ स्त्रियांवर याच जातीच्या दुसऱ्या औषधाची चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचाही निकाल तसाच आला. गमतीची गोष्ट अशी की याच कुळातल्या क्रिनेसरफाँट या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी. जिथे साखळीत नेमका बिघाड आहे तिथे औषध उपयोगी पडले. जिथे नोकरी, कर्ज किंवा घरातले आजारपण यांचा ताण आहे तिथे साखळीचे टोक दाबून मन शांत करता आले नाही.

बाजारात ज्यांची नावे ऐकू येतात त्यांच्याकडे वळायचे तर सेलँक आणि सेमॅक्स ही रशियन जोडी आधी घ्यावी लागेल. दोन्ही मॉस्कोतल्या संशोधनातून आली, दोन्ही सात अमिनो आम्लांची आहेत आणि नाकातून दिली जातात. सेमॅक्स हा एसीटीएचचाच एक तुकडा आहे, त्याच्या टोकाला टिकाऊपणासाठी तीन अमिनो आम्ले जोडलेली आहेत. मूळ एसीटीएचप्रमाणे अधिवृक्क ग्रंथीला चेतवण्याचा गुण मात्र त्यात उरलेला नाही. सेलँकला रशियात चिंताविकारावरचे औषध म्हणून नोंदणी मिळाली आहे. त्याची ज्या चाचणीच्या आधारे जास्त चर्चा होते तिच्यात केवळ ६२ रुग्ण होते आणि तुलना एका जुन्या शामक औषधाशी केलेली होती. रशियाबाहेर, मोठ्या संख्येने, स्वतंत्र गटांनी केलेल्या चाचण्या या दोन्हींच्या पाठीशी नाहीत. ही औषधे निरुपयोगी आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. विकणारा ज्या खात्रीने बोलतो ती खात्री मात्र यातून निघत नाही.

डीएसआयपी हे दुसरे नाव. सत्तरच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी झोपवलेल्या सशांच्या रक्तातून ते वेगळे केले आणि झोप आणणारे पेप्टाइड म्हणून त्याचे नाव झाले. मात्र शरीरात ते कोणत्या जनुकापासून तयार होते आणि पेशीवर नेमके कुठे बसते, हे आजवर निश्चित झालेले नाही. बीपीसी-१५७ हे पंधरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड खेळाडूंमध्ये विशेष लोकप्रिय आहे. त्यावरचे बहुतेक काम क्रोएशियातील झाग्रेबच्या एका गटाने उंदरांवर केलेले आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून ते निषिद्ध यादीत टाकले आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुरक्षिततेविषयी शंका असलेल्या पदार्थांत त्याची गणना केली. व्यायामशाळांत फिरणाऱ्या, वाढीचे संप्रेरक चेतवणाऱ्या पेप्टाइडांची गोष्ट तर उलटीच आहे. त्यांतली जीएचआरपी-२ आणि जीएचआरपी-६ ही माणसाला टोचली असता एसीटीएच आणि कॉर्टिसॉल वर नेतात. 'ताण घालवणारी पेप्टाइडे' म्हणून एकाच दुकानात सरसकट मांडलेल्या मालात कॉर्टिसॉल वाढवणारा मालही असू शकतो, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

ऑक्सिटोसिनबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण या यादीतले आपल्या सर्वाधिक ओळखीचे पेप्टाइड तेच आहे, जरी नावाने नसले तरी. वासरू लुचू लागले की गाय पान्हा सोडते, त्या पान्ह्यामागे हेच नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक असते. म्हशीला इंजेक्शन देऊन बळेच पान्हा सोडायला लावण्याचा गोठ्यातला गैरप्रकार आपल्याकडे जुना आहे, आणि तो रोखण्यासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी उत्पादनावर घातलेली बंदी त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली होती, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही हेच औषध लागते. ताणाच्या संदर्भात त्याचे नाव झाले ते २००३ मध्ये झुरिक येथे झालेल्या एका प्रयोगामुळे. ३७ पुरुषांना परक्या परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावले. काहींना आधी ऑक्सिटोसिनचा फवारा दिला होता, तर काहींना तयारीच्या वेळी जवळचा मित्र सोबत ठेवू दिला होता. मित्राच्या सोबतीने कॉर्टिसॉल कमी राहिले, आणि मित्र व फवारा दोन्ही लाभलेल्यांचे सर्वांत कमी. बातम्यांत फवारा गाजला, मित्र मागे पडला. पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये ऑक्सिटोसिनची चमक टिकली नाही; स्वमग्न मुलांवरच्या २०२१ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्याचा सामाजिक वर्तनावर लाभ दिसला नाही.

मात्र खरी अडचण औषधांच्या आधीच, गृहीतकातच आहे. दीर्घकाळ ताण असला की कॉर्टिसॉल सतत वाढलेले असते, असे सगळे धरून चालतात. २००७ मध्ये १०७ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले तेव्हा चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. ताण सुरू होतो तेव्हा कॉर्टिसॉल वाढते, पण काळ लोटतो तसे ते खाली येऊ लागते आणि कधी सामान्यापेक्षाही कमी होते. ताण कोणत्या प्रकारचा आहे आणि माणसाला त्यावर आपला ताबा वाटतो की नाही, यानेही फरक पडतो. अनेकांत एकूण प्रमाण फारसे बदलत नाही, दिवसाचा आलेख तेवढा सपाट होतो. सकाळची चढण बोथट होते आणि रात्रीची उतरण अपुरी राहते. जुन्या आघाताने ग्रासलेल्या व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉल कमी असल्याचे अनेकदा आढळले आहे. अशा माणसाला कॉर्टिसॉल उतरवणारे काही द्यावे, तर ते कोणत्या तर्काने? दीर्घ ताणाने शरीराची जी झीज होते तिला न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकईवन यांनी सर्व यंत्रणांवर साचत जाणारा भार म्हटले होते, आणि त्या भारात रक्तदाब, साखर, झोप, सूज हे सगळेच येते. एका संप्रेरकाचा आकडा हा त्या भाराचा फार तोकडा मापक आहे. याच कारणाने 'ॲड्रिनल (म्हणजे अधिवृक्क ग्रंथी) थकली आहे' या लोकप्रिय निदानालाही संप्रेरकतज्ज्ञांची मान्यता नाही.

तपासणीचा कागद हाती असलेल्यांसाठीही दोन शब्द. सकाळी आठला घेतलेल्या रक्तातल्या एकाच आकड्यावरून दीर्घ ताणाविषयी काहीही ठरवता येत नाही. सुईची धास्ती, आदल्या रात्रीचे जागरण, रात्रपाळी, या सर्वांनी तो हलतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि त्यामुळे एकूण कॉर्टिसॉल उगाचच जास्त दिसते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत आकडा चुकवू शकतात. कुशिंगची शंका असेल तेव्हा डॉक्टर रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा रात्री अकराला डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या कृत्रिम स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेले रक्त, अशा तपासण्या करतात. शेवटच्या तपासणीत दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी कॉर्टिसॉल आले तर तरंगता गोळा नीट काम करतो आहे असे मानतात. तोच खरा प्रश्न असतो: नळ बंद होतो की नाही.

राहता राहिली ती बाटली. तिच्यावर बहुधा 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असे छापलेले असते. या एका ओळीमुळे विकणारा औषधांच्या नियमांतून अंग काढून घेतो, आणि बाटलीत लिहिले आहे तेच पेप्टाइड तेवढ्याच प्रमाणात आहे की नाही, ते जंतुविरहित आहे की नाही, याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. साखळी बनवताना एखादे अमिनो आम्ल गळले किंवा चुकीचे बसले तर 'रस'चा 'सर' होतो, आणि डोळ्यांना मात्र दोन्ही पांढरी भुकटीच दिसते. घरी पाणी मिसळून, अंदाजाने मात्रा काढून टोचताना जंतुसंसर्ग आणि अंगावर पित्त उठण्यापासून ते गंभीर ॲलर्जीपर्यंतचे धोके असतात. परकी किंवा अशुद्ध पेप्टाइडे शरीराला त्या पेप्टाइडांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायलाही उद्युक्त करू शकतात.

अंगावर रुंद जांभळे पट्टे उमटणे, साध्या धक्क्याने निळे-काळे डाग पडणे, जिना चढताना मांड्यांत बळ न उरणे, चेहरा गोल होत जाणे आणि त्याबरोबर नव्यानेच साखर किंवा रक्तदाब वाढणे, अशी लक्षणे एकत्र दिसत असतील तर ती रोजच्या ताणावर ढकलू नयेत आणि संप्रेरकतज्ज्ञांना गाठावे. ते पहिल्यांदा गाठीबद्दल विचारणार नाहीत. चेहरा उजळण्यासाठी लावलेले मलम, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेली इंजेक्शने, अशी चौकशी ते आधी करतील, कारण कॉर्टिसॉलच्या अतिरेकाची लक्षणे दिसणाऱ्यांमध्ये बाहेरून गेलेले स्टेरॉइड हेच सर्वांत मोठे कारण असते. असे काही सापडले तरी ते स्वतःहून एकदम बंद करायचे नसते, कारण एवढा काळ स्वस्थ बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी महिने लागतात. टोचलेल्या किंवा फवारलेल्या पेप्टाइडची बाटली असेल तर तीही त्या भेटीत सोबत न्यावी, लेबलासकट.